हाड भरणारी राख

बंद पडलेल्या सिनेमागृहाचे दरवाजे उघडायच्या आतच समोरचा रस्ता तुंबला होता. कुणी कुबड्यांवर आलेलं, कुणी मुलाच्या पाठीवर बसून आलेलं. एका म्हाताऱ्याला तर त्याच्या सुनेने भाजीच्या हातगाडीवर घालून आणलं होतं, आणि वाटेत भेटेल त्याला ती सांगत होती, "बाबांच्या हाताला यश आहे हो. डॉक्टरांनी हात टेकले, तिथून बाबा सुरू होतात."

दरवाजे उघडले तशी ज्यांना चालता येत नव्हतं तेसुद्धा पुढच्या खुर्च्यांसाठी धावले.

पडद्याच्या जागी एक दोरी बांधली होती आणि तिच्यावर कपडे वाळत घालावेत तसे एक्स-रे टांगले होते. जोड्या जोड्या होत्या. डावीकडच्या फोटोत हाडात काळी पोकळी, उजवीकडच्या फोटोत त्याच जागी पांढरंशुभ्र. मागून दिवे सोडलेले, त्यामुळे ती हाडं अंधारात चमकत होती. लोक त्यांच्याकडे तोंड उघडं टाकून बघत होते.

मग शिंपलेबाबा आले. पांढरे कपडे, पांढरी दाढी, गळ्यात शिंपल्यांची माळ. आवाज मात्र लिलावात बोली लावणाऱ्याचा.

"मंडळी, हाड म्हणजे काय? समुद्राची आठवण! आणि शिंपला म्हणजे काय? समुद्राचं हाड! हाडाला हाड ओळखतं. डॉक्टर तुमच्या पायात लोखंड ठोकतो. लोखंडाला काय चढतो?"

"गंज!" सगळं सभागृह ओरडलं.

"शिंपल्याला कधी गंज चढलेला पाहिलाय?"

"नाही!"

बाबांनी काचेच्या मोठ्या भांड्यात पांढरी राख ओतली. पहिल्या रांगेतल्या एका बाईला तिच्यावर बोट ठेवायला लावलं. "गरम आहे?" नाही, गार होती. तांब्यातलं पाणी त्यांनी स्वतः पिऊन दाखवलं, तेही गार. मग ते पाणी राखेवर ओतलं आणि डोळे मिटले. क्षणभर काहीच झालं नाही. मग भांड्यातून सुं सुं आवाज आला, राख तडकू लागली, फुगू लागली आणि बघता बघता पाण्याला खदखदून उकळी फुटली. वाफेचा लोट थेट छताकडे गेला.

"चूल दिसते का? काडी ओढली का? ही शिंपल्यातली प्राणशक्ती! हीच तुमच्या हाडात शिरते आणि पोकळी भरून काढते!"

लोक हात जोडून उभे राहिले. शेवटच्या रांगेत एक बाई तेवढी बसून राहिली. तिला सगळे भट्टीवाली म्हणत. कॉलेजच्या प्रयोगशाळेत शिंपले, अंड्यांची कवचं, माशांचे काटे भट्टीत भाजून त्यांच्यापासून हाडासारखी सिरॅमिक बनवायची, हे तिचं काम. समोर उकळत होती ती साधी चुनकळी. शिंपला कडक भाजला की त्याची चुनकळी होते, तिच्यावर पाणी पडलं की ती तापते. भिंतींना चुना लावणाऱ्या कुठल्याही रंगाऱ्याने हे हजारदा पाहिलेलं असतं, आणि त्याच्यापुढे कधी कुणी हात जोडलेले नसतात.

ती हसलीही असती. पण पहिल्या रांगेत, दुसऱ्या खुर्चीवर पाय लांब करून, तिची सख्खी मोठी बहीण बसली होती. राखेवर बोट ठेवणारी बाई तीच होती.

तेवढ्यात बाबांनी शेवटचा बाण सोडला. "आणि ज्यांचा विज्ञानावर विश्वास आहे त्यांना सांगतो. तुमच्याच कॉलेजातली एक बाई शिंपल्यापासून हाड बनवते, पेपरात छापून आलंय! विज्ञान आज जिथे रांगतंय, तिथे आम्ही कधीचेच पोचलोय!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. भट्टीवालीच्या कानशिलांतून वाफ निघायची तेवढी बाकी राहिली होती. बाबांनी तिचा चेहरा पाहिलेला नव्हता. एवढंच एक तिच्या पदरात होतं.

ताई शिलाईकाम करायची. मशीनचं पायडल मारता मारता तिची उजवी नडगी दुखू लागली. मोठ्या दवाखान्यात फोटो काढला, तेव्हा हाडाच्या आत लिंबाएवढी पोकळी निघाली. सुई घालून तपासलं, कॅन्सर नव्हता, साधी गाठ होती. पण भोवतीचं हाड अंड्याच्या कवचासारखं पातळ झालं होतं. हाडांच्या डॉक्टरांनी फोटोवरून मान वर न करता सांगितलं, "उघडायचं, खरवडायचं, भरायचं. नाहीतर मोडेल. पुढचा पेशंट." ताईच्या तोंडात होते ते सगळे प्रश्न तिथेच राहिले. खरवडायचं म्हणजे काय? भरायचं म्हणजे कशाने? मी पुन्हा मशीनवर बसेन का? तिथे कुणी उत्तर दिलं नाही. शिंपलेबाबांनी दिलं. खुर्चीवर बसवून, पाय हातात घेऊन, "बाळा" म्हणून दिलं, आणि नडगीवर राखेचा लेप थापून वर पट्टी बांधली.

त्या संध्याकाळी भट्टीवाली ताईच्या घरी गेली, ती तोफ भरूनच. पण तिने तोंड उघडायच्या आत दाजींनी तिच्या हातात दोन फोटो ठेवले. दाजी गॅरेजमध्ये मेकॅनिक, डोळ्यांनी बघितल्याशिवाय कशावर विश्वास ठेवणारा माणूस नव्हे.

"मी पण हसलो होतो," ते म्हणाले. "मग हे बघितलं. हा आधीचा. हा परवाचा. आता बोला."

तिने फोटो खिडकीसमोर धरले. पहिल्यात पोकळी काळीभोर. दुसऱ्यात तीच जागा पांढरी. नाव ताईचं, पाय ताईचा. आपण इतकी वर्षं भट्टीपुढे घाम गाळतोय, आणि ह्या माणसाने वरून लेप लावून हाड भरलं? खरं असेल तर? खरं असेल तर मानावं लागेल, ती स्वतःला म्हणाली. पण बघून मानायचं.

ती बघत राहिली. तो पांढरा भाग जरा जास्तच पांढरा होता, शेजारच्या धडधाकट हाडापेक्षाही. आणि एका कडेला तो हाडाची हद्द ओलांडून बाहेर सांडला होता. हाडाच्या बाहेर हाड?

"ताई, हा फोटो काढताना पट्टी सोडली होतीस?"

"छे! पट्टी सोडायची नाही. सोडली की भरलेलं हाड गळून जातं. बाबांच्या ओळखीचा फोटोवाला आहे, त्याला माहीत असतं. वरूनच काढतो."

"आत्ता सोड. मला नडगी बघू दे."

"वेडी आहेस का?" ताईने पाय आखडून घेतला. "भाजतंय, चुणचुणतंय, म्हणजे आत काम चाललंय. तुला नाही कळायचं."

"ताई, ते काम नाही. चुना कातडी जाळतोय!"

"मग तू भर!" ताई एकदम उसळली. "तू हाडं बनवतेस ना? पेपरात तुझं नाव आलं तेव्हा मी ते सगळ्या गिऱ्हाइकांना दाखवलं. मग घाल ना तुझी पावडर माझ्या पायात! तीही घालत नाहीस, बाबांचीही नको, मग काय, पाय मोडायची वाट बघू?"

भट्टीवालीच्या कपाटात बरणी होती. पांढरे, चाळलेले, हाडाच्या जवळपास सारख्या रसायनाचे कण. ताईला नकार द्यायचा म्हणजे तिच्या जिवावर येत होतं.

"नाही," ती म्हणाली. "माझी अजून माणसात घालायच्या लायकीची झालेली नाही. तुझ्यावर प्रयोग करणार नाही मी. डॉक्टर भरतील ते तपासून पार पडलेलं असेल, कितीतरी माणसांत टिकलेलं."

"बाबांना एवढी शंका नसते," ताई म्हणाली आणि तोंड फिरवून बसली.

निघताना भट्टीवालीने बाबांच्या राखेची एक पुडी मागितली. ताईने ती तोंड न वळवताच पुढे सरकवली.

दुसऱ्या दिवशी विभागप्रमुखांनी तिची समजूत काढली. "अहो, तो आपली बदनामी करत नाहीये ना? उलट नाव घेतोय. कशाला चिखलात दगड टाकता?"

"नाव घेतोय हेच तर दुखणं आहे, सर. लोक त्याच्याकडे आपल्या भरवशावर जातायत."

"कॉलेज ह्यात पडणार नाही."

"मग मी पडते," ती म्हणाली आणि अडगळीच्या खोलीत शिरली. तिथे एक जुनं टेबल मोडून पडलं होतं. त्याचा एक पाय तिने उपसून काढला, गोल कातलेला, मध्ये जाड, खाली निमुळता. त्याला सुतारकिड्याने पोखरून पोकळी पाडली होती. हे तर सोन्याहून पिवळं झालं. ताईच्या पुडीतली राख तिने पाण्यात कालवली, सांगितल्याबरहुकूम लेप थापला, वर पट्टी गुंडाळली आणि ते गाठोडं बगलेत मारून थेट हाडांच्या डॉक्टरांसमोर जाऊन उभी राहिली.

"हा पेशंट?" डॉक्टर म्हणाले.

"फोटो काढायचाय. पट्टी न सोडता."

डॉक्टरांना आधी राग आला. मग तिने सगळं सांगितलं, तसे ते खदखदून हसू लागले. "अहो, चुना म्हणजे कॅल्शियम. हाडातही कॅल्शियम. एक्स-रे दोघांनाही अडतो, दोन्ही पांढरं दिसतं. समोरून फोटो काढला की लेपाची सावली नेमकी पोकळीवर पडते. बाजूने काढला असता तर शेंबड्या पोराला कळलं असतं. लोक इतके कसे भोळे असतात हो?"

"भोळे नसतात," भट्टीवाली म्हणाली. तिचा आवाज चढला होता. "माझी बहीण तुमच्याकडेच आली होती आधी. तुम्ही तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही. पुढचा पेशंट म्हणालात. ती पुढे गेली ती त्याच्याकडे गेली."

डॉक्टरांचं हसू मावळलं. फोटो त्यांनी स्वतः काढला. समोरून एक, बाजूने एक.

पुढच्या सभेला भट्टीवाली एक्स-रेचं पाकीट आणि लांबुळकी पिशवी घेऊन रांगेत उभी राहिली. पहिल्या रांगेतून ताईने तिला पाहिलं आणि तिच्या कपाळावर आठ्या पडल्या. राख उकळून झाली, टाळ्या झाल्या, मग बाबा एकेकाला पुढे बोलावू लागले. तिची पाळी आली.

"बोल बाळा, कुणाचा त्रास?"

"आमच्याकडच्या एका पायाचा, बाबा. आत पोखरला होता. तुमचा लेप लावला, हा फोटो."

बाबांनी फोटो दिव्यावर धरला. लांबुळकी करडी सावली आणि तिच्या मधोमध झगझगीत पांढरा पट्टा.

"वा!" बाबांनी फोटो सभेकडे फिरवला. "बघा! भरलंय की नाही? वय काय?"

"चाळीस तरी असेल."

"चालणं-फिरणं?"

"अजिबात नाही. एका जागी उभा."

"ओझं उचलायचं काम?"

"जन्मभर तेच केलंय."

"दुखतं म्हणतो का?"

"तोंडातून चकार शब्द काढत नाही."

"सहनशील जीव!" बाबांनी उसासा सोडला. "मंडळी, ह्या पायात हाड राहिलं नव्हतं. शिंपल्याने नवं हाड दिलं! आणखी थोडे लेप, आणि हा पाय तुमच्यासमोर चालत येईल!"

"मी त्याला घेऊनच आलेय," भट्टीवाली म्हणाली. तिने पिशवी उलटी केली, पट्टी बांधलेला लाकडी पाय बाहेर काढला आणि बाबांच्या भांड्याशेजारी धाडकन ठेवला. "हा तो पाय. टेबलाचा आहे. बाबांनी लाकडाला हाड फुटवलं!"

क्षणभर कुणाला काही उमगलं नाही. मग मागून कुणीतरी फिसकन हसलं. हातगाडीवाली सून पुढे येऊन लाकडी पायाकडे, मग फोटोकडे, मग पुन्हा पायाकडे बघू लागली. भट्टीवालीने पट्टी सोडली, वाळलेल्या लेपाचा पोपडा उचकटून हातात धरला.

"फोटोत चमकतंय ते हे. बाहेरचं. हा बाजूने काढलेला फोटो बघा, लेप इकडे, लाकूड तिकडे, आणि आतली पोकळी जिथल्या तिथे. त्या दोरीवरचा एकही फोटो बाजूने काढलेला नाही. पट्टी सोडू नका म्हणतात ते त्यासाठीच. आणि हे उकळतंय ती चुनकळी. भिंतीला लावायची!"

बाबांची दाढी थरथरली, पण गडी कच्च्या गुरूचा चेला नव्हता. "ओळखलं तुला!" ते गरजले. "मंडळी, हीच ती कॉलेजातली बाई! हिच्या पोटात दुखतंय! अगं, तूसुद्धा शिंपलेच भाजतेस ना? तुझी भट्टी खरी आणि माझी खोटी का?"

"बरोबर आहे!" दोघातिघांनी गलका केला. "हिला बाहेर काढा!" बाबांचे दोन सेवक पुढे सरसावले. एकाने तिचा दंड धरला. तिने तो हिसडून सोडवला आणि तिथेच पाय रोवून उभी राहिली.

"हो, मी शिंपले भाजते! लपवत नाही. भाजून जो चुना होतो तो हाड नसतो. त्यात फॉस्फेट मिसळावं लागतं, पुन्हा तापवावं लागतं, तेव्हा कुठे हाडात असतो तसला पदार्थ मिळतो. मग त्याच्यावर जिवंत पेशी ठेवून बघतात. माझ्या पदार्थावर त्या मेल्यात, एकदा नाही, अनेकदा. ती खेप मी फेकून दिली, का मेल्या ते शोधलं, आणि सगळ्यांना सांगितलं की माझं चुकलं. माझ्या सख्ख्या बहिणीने मागितली तरी माझी पावडर मी तिला दिली नाही. आता तुम्ही सांगा बाबा, तुमच्या किती खेपा फसल्या?"

"आमची एकही फसत नाही!"

"मग तुम्ही कधी तपासलंच नाही," ती म्हणाली. "टेबलाचा पायसुद्धा बरा होतो तुमच्याकडे. फसायला जागाच कुठे ठेवलीय तुम्ही?"

सेवकाने पुन्हा तिचा हात धरला. तेवढ्यात पहिल्या रांगेतून आवाज आला.

"सोड तिला."

ताई होती. खुर्चीतल्या खुर्चीत वाकून ती पायाची पट्टी उलगडत होती. "बाळा, सोडू नकोस! हाड गळेल!" बाबा ओरडले. ताईने मान वर केली नाही. वेढ्यामागून वेढा निघत गेला. शेवटचा वेढा कातडीला चिकटला होता, तो ओढताना तिने दात आवळले. नडगीवर तळहाताएवढी जागा लालभडक झाली होती, फोड आलेले, काही फुटलेले.

ताईने तो पाय सगळ्यांना दिसेल असा उचलून धरला. "हे आत काम चाललं होतं माझ्या," ती म्हणाली. तिचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत गेला. "ज्यांनी ज्यांनी पट्टी बांधून घेतलीय त्यांनी सोडून बघा. आत्ता. इथेच. हाड गळलं तर मी जबाबदार."

सुरुवातीला कुणी हललं नाही. मग दाजी उठले आणि शेजारच्या माणसाच्या मनगटाची पट्टी सोडायला मदत करू लागले. मग आणखी एकाने सोडली. सभागृहात कापडाची सळसळ आणि विव्हळणं ऐकू येऊ लागलं. त्या गडबडीत शिंपलेबाबा मागच्या दाराने कधी सटकले ते कुणाला कळलं नाही. फोटो तेवढे दोरीवर राहिले.

ताईचा फोटो डॉक्टरांनी बाजूने काढला. पोकळी होती तिथेच होती, आधीपेक्षा थोडी मोठीच. ह्या वेळी डॉक्टर खुर्ची ओढून तिच्यासमोर बसले. कुठे उघडणार, काय खरवडणार, कशाने भरणार, काय बिघडू शकतं, सगळं कागदावर चित्र काढून सांगितलं. ताईने इतके प्रश्न विचारले की शेवटी त्यांनाच पाणी मागवावं लागलं. आधी भाजलेली कातडी बरी होऊ दिली, मग ऑपरेशन झालं. पोकळीत तपासून मान्यता मिळालेले सिरॅमिकचे कण भरले, थोडं ताईच्याच कमरेचं हाड मिसळलं. भट्टीवालीच्या बरणीतला एक कणही त्यात नव्हता. ताई महिनोन् महिने काठी घेऊन चालली. दर फोटोत कण आणि हाड एकमेकांत जरा जरा मिसळत गेलेले दिसायचे. चमत्कार चुटकीसरशी होतात, हाड आपल्या चालीने भरतं.

सगळं गोड झालं असं मात्र नाही. बाबा दुसऱ्या शहरात गेले, तिथे म्हणे आता माशांच्या काट्यांची राख देतात. आणि ती हातगाडीवाली सून एक दिवस भट्टीवालीला रस्त्यात आडवी आली.

"तुम्ही त्याला पळवलंत. चांगलं केलंत. पण आमच्या म्हाताऱ्याला रात्री झोप लागायची हो, बरं होणार म्हणून. आता आम्ही जायचं कुठे?"

खोटी आशा द्यायची नाही हे ठीक, पण रिकाम्या हातांनी परत पाठवणंही भट्टीवालीला पटेना. तिने डॉक्टरांना गाठलं, त्यांच्या मागे हात धुऊन लागली. शेवटी त्याच सिनेमागृहात, त्याच खुर्च्यांवर, लोकांना बसवून डॉक्टरांनी त्यांचे फोटो बघायला सुरुवात केली. म्हाताऱ्याला त्यांनी स्पष्ट सांगितलं की पाय पहिल्यासारखा होणार नाही, दुखणं मात्र कमी करता येईल. म्हाताऱ्याने आपल्या पायावरून हात फिरवला. मग म्हणाला, "एवढं तरी कुणी खरं सांगितलं." त्या दिवशी उकळी फुटली नाही, टाळ्या पडल्या नाहीत, आणि गर्दीही निम्मीच होती. पण आलेला माणूस आपल्या पायात नक्की काय झालंय हे समजून घरी गेला.

उद्या तुमच्या गल्लीत असा कुणी आला, तर त्याचा राग करू नका, त्याला नमस्कारही करू नका. त्याला विचारा, तुझं औषध चुकलं तर ते मला कळणार कसं? जो खरं काम करतो त्याच्याकडे ह्याचं उत्तर असतं, कारण हा प्रश्न त्याने स्वतःला तुमच्या आधी विचारलेला असतो. ज्याच्याकडे नसतं तो म्हणेल, श्रद्धा ठेव, पट्टी सोडू नकोस.

तेव्हा ती पट्टी आधी सोडा.